सभागृहाच्या दाराबाहेर

शहरातल्या संगणकवाल्यांच्या वार्षिक परिषदेत नावनोंदणीचं टेबल माझ्याकडे असतं. एक बाई तीन वर्षं येते आहे, पुंडलिकनगरहून, कडेवर मुलगी घेऊन. दुष्काळात परिषद नेमकी टँकरच्या दिवशी येते; सासूबाई पाण्याच्या रांगेत, नवरा शेंद्र्याला कारखान्यात कामावर. बिल्ला घेताना ती दरवर्षी सांगते, "ताई, ही रडली की मी बाहेर." प्रत्यक्षात मुलगी रडायच्या आधीच ती उठून बाहेर येते. मग दिवसभर दारापाशी उभी राहून, एका हाताने मुलीला थोपटत, भाषणं वहीत उतरवून घेते.

यंदा मी भांडून मुलांसाठी खोली मिळवली. सतरंजी, खेळणी, पाण्याचा जार, सगळं ठेवलं. स्वतः तिला तिसऱ्या मजल्यावर सोडून आले. तासाभरात ती खाली हजर.

"काय कमी पडलं?" मी जरा तोडूनच विचारलं.

"काहीच नाय, ताई. लई छान केलंय. पण वर मी आन् ही, दोघीच. इथं दारातून ऐकू तरी येतं."

हे मला सुचलंच नव्हतं. मी एक खुर्ची आणून दिली. तिने खुर्चीवर मुलीला बसवलं आणि स्वतः उभी राहून दाराच्या फटीला कान लावला.