आखणीला लावायचा अल्बम

‘आवाज थकला आहे. गाणी एकसुरी. एक तारा, तोही केवळ आदरापोटी.’

हे मी सकाळी चहा पिताना मोबाइलवर वाचलं आणि कप तसाच ठेवून दिला. सुनेनं विचारलं, आई, कोण गेलं? म्हटलं, कोणी गेलं नाही, पण एकाला पाठवावंसं वाटतंय.

लिहिणारे आमच्या चाहते मंडळाचे सर. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, राहायला रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावाला. तपासायला वह्या उरल्या नाहीत म्हणून आता गाणी तपासतात. आणि ज्यांना हा आदरापोटीचा तारा फेकला, त्या आमच्या बाई. भावगीतं आणि भक्तिगीतं गाणाऱ्या, मूळच्या आमच्याच बाजूच्या, आता मुंबईत राहणाऱ्या. नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुम्हीही लगेच मोबाइल काढून तारे मोजायला बसाल.

बाईंच्या अल्बमांना खरी नावं आहेत, पण आम्ही चाहते ती वापरत नाही. आम्ही त्यांना मुखपृष्ठावरून ओळखतो. निळ्या साडीचा, झोपाळ्याचा, समईचा. शेवटचा तो चष्म्याचा. घशाचं दुखणं काढून बऱ्याच वर्षांनी बाई परत गायल्या, तेव्हा फोटोसाठी चष्मासुद्धा उतरवला नाही. स्वरही खाली आला होता. पूर्वी तार सप्तकात सहज जाणाऱ्या बाई यात खालच्या पट्टीत, मध्ये श्वास घेत, सावकाश गातात. मला तो सगळ्यात आवडतो. सरांना तो एकसुरी वाटतो.

आता मी काही जन्मतः शहाणी नव्हते. तारे नव्हते तेव्हा मी गुण देत असे. पेणला माहेरी होते, नुकतीच प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले होते, आणि मास्तरकीचा वारा असा भरला होता अंगात की आईच्या आमटीलासुद्धा मी दहापैकी सहा द्यायचे. निळ्या साडीची कॅसेट आली तेव्हा प्रत्येक गाण्याला गुण देऊन मैत्रिणींना वाचून दाखवले. ‘प्रगती समाधानकारक, उच्चारांकडे लक्ष द्यावे.’ बाईंच्या उच्चारांकडे. मी. जिला स्वतःला ‘पाणी’ म्हणताना पेणच्या बाहेर कोणी तरी हसायचंच.

एवढ्यावर थांबले असते तर बरं. नवरात्रात बाईंचा कार्यक्रम पेणला झाला, तर ही विदुषी रंगमंचाच्या मागे जाऊन उभी. बाई भरीत-भाकरी खात होत्या. मी सांगितलं की दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात तुम्ही शेवटचा सूर लवकर सोडता. त्या म्हणाल्या, या, बसा, भाकरी घ्या. आणि मी म्हटलं, ‘भाकरी नको, मला अभिप्राय द्यायचाय.’ आजही ते आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. पण एक सांगते, मी तोंडावर सांगायला गेले होते. घरात बसून अंगठ्यानं तारे दाबले नव्हते.

खरं परीक्षण काय असतं ते पेणच्या कारखान्यात होतं. कारखाना म्हणजे गणपतीच्या मूर्तींचा. आमच्या आळीत दर दोन घरांआड एक. तिथे दिवसभर कॅसेट चालायची, आणि कुठलं गाणं कुठल्या कामाला लावायचं हे ठरलेलं असायचं. साचे भरताना काहीही चालतं. अंगाचा रंग मारायला जरा तालाचं लागतं. पण आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायला, फार थोडी गाणी चालतात. तिथे ब्रशचं टोक केसाएवढं असतं. गाण्यानं मध्येच उडी मारली की हातही उडतो आणि देव तिरळा होतो. त्यामुळे ‘ही कॅसेट आखणीची’ असं कोणी म्हटलं की त्यापुढे कौतुक नाही.

माझी एक बालमैत्रीण अजून तिथे डोळे काढते. वय माझ्याएवढं, हात माझ्यासारखा कापत नाही. बाईंच्या सगळ्या अल्बमांत तिच्याकडे आखणीला फक्त एकच लागतो, चष्म्याचा. निळ्या साडीचा ती रंगाला लावते. झोपाळ्याच्या अल्बमात तबला फार आगाऊपणा करतो म्हणून तो साच्यांपाशी.

तर सरांनी ठरवलं की बाईंचा रोह्यात सत्कार करायचा. उत्तम. मंडळातल्या प्रत्येकानं प्रत्येक अल्बमला तारे द्यायचे, वर येतील त्यांतली गाणी सत्काराच्या दिवशी सादर करायची. हेही मी ऐकून घेतलं. माझ्याकडे काम आलं बाईंच्या जेवणाखाण्याचं, कारण मंडळात बायका असल्या तरी स्वयंपाकघर दिसलं की पुरुषांना आमचीच आठवण होते. म्हणून बाईंचा नंबर माझ्याकडे आला. मी पथ्य विचारायला फोन केला. तिखट नको, ताक चालेल, एवढं झालं.

‘अहो, मला एक गाणं म्हणू देतील का तिथे?’ त्या म्हणाल्या. ‘चष्म्याच्या अल्बममधलं चालेल. बाकीची आता जमत नाहीत हो. पण ती जमतात.’

त्यांच्याच सत्काराला त्या गायची परवानगी मागत होत्या. मी फोन ठेवला आणि तडक पूल ओलांडून अष्टमीला गेले.

सरांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आजी म्हटलं. माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान माणूस. म्हणाले, आजी, मंडळ लोकशाहीनं चालतं. पनवेलच्या गाण्याच्या क्लासच्या मुली वरच्या अल्बमांतली गाणी म्हणतील, बाई व्यासपीठावर बसून ऐकतील, शाल-श्रीफळ होईल. चष्म्याच्या अल्बमला तारे मिळाले तर त्यातलं गाणं बाईंनी अवश्य गावं. नाही मिळाले तर त्या वयात त्यांचं हसं कशाला करायचं? आपल्या मनात त्यांचा तो पूर्वीचा आवाजच राहू दे.

आपल्या मनात. म्हणजे बाईंनी स्वतःच्या गळ्यात काय राहू द्यायचं ते यांच्या मनानं ठरवायचं. मला इतका संताप आला की पाण्याचा पेला तसाच हातात घेऊन जिना उतरले. तो पेला अजून माझ्याकडे आहे. परत देणार नाही.

रोह्याजवळ वरशाला माझ्या घरी पोचेपर्यंत डोक्यात बेत शिजला होता. लोकशाही काय? बरं. मी पेणला मैत्रिणीला फोन लावला. तिच्या कारखान्यातल्या सगळ्या बायका, शेजारच्या दोन कारखान्यांतल्या, त्यांच्या जावा, भावजया, सगळ्यांना मंडळात घातलं. मत कसं द्यायचं ते तिला समजावलं, एक ते पाच दिसतात, त्यात दाबायचं. चष्म्याच्या अल्बमला भरघोस द्या म्हटलं. ती म्हणाली, तू नको सांगू, आम्हाला कळतं. नवीन माणसं येताना बघून सरांनी गटावर हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी मनात म्हटलं, जोडा, आणखी थोडे दिवस जोडा.

निकाल आला. चष्म्याचा अल्बम तळाला. नुसता तळाला नाही, आधी होता त्याच्याही खाली. पेणहून आलेल्या झाडून सगळ्या मतांमध्ये त्याला एकच तारा होता. आणि ज्या झोपाळ्याला माझी मैत्रीण साच्यांपाशी टाकते, त्याला पाच.

मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. नागोठणं, वडखळ, सगळ्या वाटेनं मी मैत्रिणीला काय काय बोलायचं ते जुळवत गेले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं वडखळला जागा बदलली. बहुधा माझे ओठ हलत होते.

कारखान्यात शिरले तर ती डोळे काढत बसलेली आणि चष्म्याचाच अल्बम लावलेला. हे बघून तर मी आणखी भडकले. गाणं ऐकायचं आणि तारा एक द्यायचा, बाईंनी तुझं काय घोडं मारलं होतं, असं सगळं बोलून घेतलं. तिनं डोळा पुरा केला, मग ब्रश ठेवला.

‘अगो, एकच दिला ना. मग? एकाच्या वर काय देतात?’

आणि तिनं शेजारची मूर्ती हळूच वळवली. पाटाच्या मागे खडूनं एक लिहिलेला. मला विसर पडला होता. आमच्याकडे मूर्ती तयार झाली की मागे आकडा घालतात. एक म्हणजे बिनचूक, ती परदेशी जाते नाहीतर मोठ्या गिऱ्हाइकाकडे. दोनला कुठेतरी बोट लागलेलं असतं. पाच म्हणजे हात मोडलेली, जोडून रंगवलेली, ती शेवटी राहील त्याला. सगळ्या बायकांनी बाईंच्या अल्बमला मनापासून एक घातला होता. एकीनं तर दोनदा दाबायचा प्रयत्न केला होता, पक्का बसावा म्हणून.

मी पेणची. याच कारखान्यात लहानपणी खडू हातात घेऊन आकडे घातलेली. आणि फोनवर काय सांगितलं, तर एक ते पाच दिसतात, त्यात दाब. मास्तरकी एवढी केली पण पाठ समजला का, हे विचारायची अक्कल नाही. ओरडावं कोणावर ते कळेना, म्हणून मी चहा मागितला.

तिथूनच सरांना फोन लावला. खडू, पाट, सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, गमतीदार आहे, मी भाषणात घेईन हा किस्सा. म्हटलं, किस्सा नको, मतं उलटी मोजा. तर म्हणाले, आजी, मतदान संपलं, आता नियम एकासाठी बदलला तर उद्या सगळेच येतील. किस्सा मात्र घेणार. बायकांचं अडाणीपण चालतं यांना, मत चालत नाही.

राग गिळून बाईंना फोन केला. सांगायचं होतं की गाण्याचं जमत नाहीये. त्याआधीच त्या म्हणाल्या, नातीनं दाखवले मला तारे. पेणवाल्यांना एवढा नावडला का हो? येण्यात काही अर्थ आहे का आता?

मी त्यांना खडूचं सांगितलं. आखणीचंही सांगितलं, कुठला अल्बम रंगाला आणि कुठला साच्याला. त्यांनी विचारलं, ‘डोळे काढताना मी चालते?’

म्हटलं, दुसरं कोणी चालत नाही.

मुंबईहून रोह्याला यायचं तर पेण वाटेवरच. सत्काराच्या दिवशी सर शाल घेऊन सभागृहाच्या दारात उभे होते, आणि बाई कारखान्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, ओल्या रंगाला पदर लागू नये म्हणून तो मांडीत गोळा करून. पेटी नाही, तबला नाही. कोणी हातातलं काम सोडायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावलं. मग गायल्या. दुसऱ्या कडव्यात दम पुरला नाही, तिथे थांबल्या, छाती भरून घेतली आणि ती ओळ परत घेतली. माझी मैत्रीण समोर डोळा काढत होती, तिचा हातही तेवढा वेळ थांबला आणि त्यांच्याबरोबरच पुन्हा निघाला. माझ्या पिशवीत मोबाइल थरथरत होता. सरच असणार. मी तो मातीच्या पोत्याखाली सारला.

रोह्याला पोचलो तेव्हा सभागृह भरून कंटाळलेलं होतं. मुलींनी निळ्या साडीची गाणी म्हटली. गोड म्हटली, मुलींवर माझा राग नाही. शाल झाली, नारळ झाला, खडूचा किस्सा झाला, लोक हसले. माझ्या शेजारी पेणच्या बायका बसल्या होत्या, त्यांच्यावरच हसले. मग सर माइकवर म्हणाले की प्रकृतीच्या कारणामुळे बाई आज गाऊ शकणार नाहीत, याची आम्हा सर्वांना खंत आहे.

मी उभी राहिले. गुडघ्यानं नको म्हटलं तरी राहिले.

‘प्रकृतीला काय धाड भरलीय? मघाशी पेणला गायल्या त्या.’

सभागृहात कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, मग इथे पण म्हणा ना बाई. दुसरं कोणीतरी टाळ्या वाजवू लागलं, मग सगळेच. सरांनी माइक बाईंपुढे धरला. आता धरला. माझं मन एकदम उड्या मारायला लागलं, की आता ऐका लेको, काय ऐकायचं राहत होतं ते.

बाईंनी माइक धरला आणि हसल्या.

‘आज एकाच गाण्यापुरता दम होता माझ्यात,’ त्या म्हणाल्या. ‘तो पेणला संपला. माफ करा.’

त्यांनी नमस्कार केला आणि खाली बसल्या. टाळ्या हळूहळू विरल्या. मागच्या रांगेतला एक म्हातारा माझ्याकडे असा बघत होता, की जणू मीच त्याच्या ताटातलं उचलून पेणला दिलं. दिलंच होतं. त्यानं कुठला तारा दिला होता कोण जाणे.

सरांनी मला मंडळातून काढून टाकलं आहे. यादी अजून तशीच आहे, चष्म्याचा अल्बम तळाला, एका ताऱ्यावर. नवीन माणूस येतो, ती यादी बघतो आणि तो अल्बम न ऐकताच पुढे जातो. मला माहीत आहे, कारण सुनेच्या मोबाइलवरून मी रोज बघते आणि रोज तेवढीच चिडते.