आप्पांनी दिलेली दलाली

केंदूरच्या एसटी थांब्यावर त्या सकाळी आम्ही दोघेच होतो. गुंडाळलेली गादी आप्पांच्या खांद्यावर होती, पत्र्याची पेटी माझ्या हातात. आप्पा म्हणजे माझे वडील. पुण्याच्या एका दैनिकाने मला दौंडचा वार्ताहर नेमले होते आणि मी निघालो होतो. नव्वदच्या दशकाचा तो मध्य असावा. आमच्या घरात गाव सोडणे नवे नव्हते. आजोबा दिवाळीनंतर मेंढरे घेऊन निघत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतत. पण ते परतत. आप्पांनी मेंढरे विकून शेती धरली, माळावर दोन खोल्या बांधल्या, तेव्हापासून घरातले कोणी कुठे गेले नव्हते.

"पगार किती म्हनला?" आप्पांनी विचारले.

"पगार न्हाई आप्पा. जेवढं छापून येईल तेवढ्याचे पैसे."

"आन् न छापल्याचे?"

"न्हाई मिळत."

त्यांनी गादी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मग न छापनारं लिवायचंच कशाला?"

गाडी आली. कंडक्टर म्हणाला, "आबा, गादीचं तिकीट लागंल." आप्पा म्हणाले, "ती त्याच्या मांडीव बसंल, अर्धं लाव." कंडक्टर हसला आणि त्याने गादी फुकट नेली. गाडी वळेपर्यंत आप्पा थांबले नाहीत. रानात पाणी सुरू होते, ते भरायला गेले.

शिक्रापूरला गाडी बदलली, चौफुल्याला पुन्हा एकदा. पाटसच्या पुढे उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांमागे गाडी रांगत राहिली. दौंडला उतरलो तेव्हा गादीने पायाला मुंग्या आल्या होत्या.

गोपाळवाडीच्या रस्त्याला खोली मिळाली. महिनाअखेरीला छापून आलेल्या बातम्या कापायच्या, कागदावर चिकटवायच्या, फुटपट्टीने मोजून पुण्याला पाठवायच्या, असे काम होते. सेंटिमीटरवर मानधन ठरलेले होते. रुळांवर गेलेल्या माणसाचे चार सेंटिमीटर भरत, सत्काराचे बारा. खोलीचे भाडे मात्र फुटपट्टीने ठरत नव्हते. वर्षभरात मी खानावळवाल्याला टाळून दुसऱ्या गल्लीने जायला शिकलो होतो.

घरांच्या धंद्यात मी शेखमामांमुळे आलो. ते रेल्वेत गार्ड होते. तीस वर्षे क्वार्टरमध्ये राहिले आणि निवृत्ती जवळ आली तेव्हा स्वतःचे एकही दार नव्हते. दौंडमध्ये अशी माणसे पुष्कळ. नोकरीभर छप्पर रेल्वेचे, आणि शेवटच्या दिवशी किल्ली परत. "पेपरवाले, तुमची चार लोकांत ऊठबस हाय," ते म्हणाले, "एखादं घर बघा. पर स्टेशनापासून लई लांब नको. हिला शंटिंगचा आवाज लागतो, न्हाई तर झोप येत न्हाई." मामी आतून म्हणाल्या, "मला न्हाई, यांनाच लागतो. माझं नाव पुढं करत्यात." मी घर शोधले. शेखमामांनी व्यवहार झाल्यावर न मागता माझे पैसे दिले. त्यानंतरच्या दोघांनी पेढ्याच्या पुड्यावर भागवले. एकाने तर विचारले, "तुम्ही केलं काय? दोन माणसांची गाठ घालून दिली. ती तर लग्नात भटजी पण घालतो." भटजी दक्षिणा घेतो, हे मला तिथे सुचले नाही.

सुट्टीला घरी गेल्यावर हे आप्पांना सांगितले. त्यांनी ते हसण्यावारी नेले नाही. आजोबांच्या काळी शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरे बसवून घ्यायचे आणि रात्रीच्या हिशेबाने धान्य द्यायचे. "बोली आधी, मेंढरं मागनं," आप्पा म्हणाले. "लेंड्या पडल्या रानात, आन् मग तू धान्य मागतूस. त्या काय उचलून माघारी नेनार हायेस का?"

तेव्हापासून मी दार दाखवायच्या आधी दर सांगू लागलो. विकणाऱ्याकडून शंभराला एक, घेणाऱ्याकडून एक. ज्यांना पटत नाही ते तिथूनच जात. जे थांबत त्यांच्याशी नंतर भांडण होत नसे. काही वर्षांत वार्ताहरकी सुटली, स्टेशनजवळ एक गाळा घेतला, लग्न झाले. दौंडला मी स्थिरावलो. बातमीदारीतली एकच सवय उरली: आपण बाजूला राहायचे, समोरचा काय म्हणाला ते नीट ऐकायचे.

घर विकणारी माणसे या सवयीमुळे मला जास्त दिसली असावीत. सौदा होईपर्यंत ती घराचे गुण सांगतात. कागद झाले, पैसे मिळाले, की घरातल्या खोडी सांगू लागतात. न्हाणीचे दार उचलून लावावे लागते. उत्तरेच्या खिडकीतून थंडीत वारा येतो, तिथे पोते लावा. घेणारा घाबरतो, त्याला वाटते आपण फसलो. खरे तर त्या माणसाला एवढेच हवे असते की आपण गेल्यावर कोणाला तरी हे माहीत असावे.

दोन हजार सालानंतर रांजणगावच्या एमआयडीसीने शिरूर तालुक्याची घडी बदलली. माझा धाकटा भाऊ बाळू आधी ठेकेदाराकडे आणि मग कंपनीत कायम लागला. त्याने शिक्रापूरला गुंठाभर जागा घेतली. केंदूरहून रोजचे जाणे-येणे त्याला जड जात होते, आणि आप्पांचे गुडघे गेले होते. हे सगळे मला तुकड्यातुकड्याने कळत होते, फोनवर.

मग एके दिवशी आप्पा दौंडला आले. घरी न जाता सरळ गाळ्यात. गिऱ्हाईक बसते त्या खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"घर काढायचं हाय," ते म्हणाले.

"कुणाचं?"

"आपलं."

मी पाणी दिले. शिक्रापूरचे बांधकाम स्लॅबपर्यंत येऊन थांबले होते. केंदूरचे घर विकले की ते पुरे होणार, आणि आई-आप्पा बाळूकडे राहणार. रान भावकीत वाट्याने लावायचे. सगळे ठरले होते. मला हे ठरताना कोणी विचारले नव्हते, आणि विचारावे अशी माझी तिथली हजेरीही नव्हती. दिवाळीला दोन दिवस आणि जत्रेला एक.

"तुझं काय पडंल?" आप्पांनी विचारले.

"कशाचं काय पडंल?"

"दलाली."

"आप्पा, घरात कसली दलाली?"

"घरातली न्हाई. घराची हाय."

ते रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "वकील म्हनतो, दोघा पोरांच्या संमतीच्या सह्या लागतील. बाळूची हाय. तुझी सही मी फुकट मागनार न्हाई. कामाचं देतो, आन् सही कर."

मी त्यांना आजोबांची आठवण करून दिली. भावकीच्या रानात मेंढरे बसवली तर आजोबा धान्य घेत नसत, जेवून उठत, हे आप्पांनीच मला सांगितले होते.

"न्हाई घ्यायचे," आप्पा म्हणाले. "म्हनून तर दुसऱ्या वर्षी त्या रानात हक्कानं जायचे. धान्य घेतलं की फिटलं. मग त्या रानाकडं बघायचं न्हाई." त्यांनी टोपी घातली. "बाळूनं आमचं दोघांचं बघितलं. उद्या त्याच्या दारात तू वाटणी मागाय नको, आन् तू मागशील अशी भीती त्याला नको. तुला जमत न्हाई तर शिक्रापूरला एक एजंट हाय. त्याला देतो."

मी वाटणी मागणार नव्हतो. तसे म्हणालोही. आप्पा म्हणाले, "आज न्हाई मागनार. मला ठाव हाय."

म्हणजे निवड अशी होती. पैसे घेतले तर त्या घरातला माझा पाय निघाला. नाही घेतले तर कोणी तिऱ्हाईत माणूस आमच्या चुलीपाशी उभा राहून भाव सांगणार. मी म्हणालो, "शंभराला एक. सगळ्यांकडून घेतो तेच."

"बरूबर हाय," आप्पा म्हणाले, आणि चहा न घेता उठले. चौफुल्याची गाडी गाठायची होती.

गिऱ्हाईक पुण्याचे होते, बँकेतून निवृत्त झालेले साहेब आणि त्यांच्या बाई. त्यांना गावाकडे मोकळी जागा हवी होती. त्यांना घेऊन केंदूरला गेलो तेव्हा आप्पा अंगणात उभे होते. साहेबांनी माझ्याकडे हात करून विचारले, "यांची तुमची जुनी ओळख दिसते?"

"हे आमचे एजंट," आप्पा म्हणाले.

त्यांनी मला 'हे' म्हणण्याची ती पहिली वेळ. त्याला व्यवहाराचे कारण होते. एजंट मालकाचा मुलगा आहे असे कळले की घेणाऱ्याचा किमतीवरचा विश्वास उडतो. त्यांच्या जागी मीही तेच सुचवले असते. मी नेहमीप्रमाणे घर दाखवले. पूर्वेचे दार, दोन खोल्या, पडवी, मागे न्हाणी, बोअरचे पाणी बारमाही. कुठल्या खोलीत माझा जन्म झाला हे सांगण्याची गरज नव्हती. आईने चहा आणला. साहेबांना कपबशी, बाईंना कपबशी. माझ्यापुढे कपबशी ठेवताना ती जरा थबकली. एरवी मी स्टीलच्या पेल्यातून पितो.

दस्त शिरूरला झाला. वकिलाने वाचायला सुरुवात केली आणि संमती देणार म्हणून माझे नाव आले तेव्हा साहेबांनी चष्मा काढला.

"अहो, तुम्ही मुलगा यांचे? सांगितलं नाहीत."

"भाव तर बाजाराचाच लावला की," बाळू म्हणाला. "दादा गिऱ्हाइकापुढं बापाला बी वळखत न्हाई." तो गमतीने म्हणाला. कोणी हसले नाही, मग तोही खाली बघू लागला.

साहेब म्हणाले, "मग आमच्याकडची दलाली कशाची? घरचंच काम झालं हे."

"घरचं न्हाई," आप्पा म्हणाले. "त्यानं हेलपाटे मारल्यात, कागद गोळा केल्यात. मी त्याची देतोय. तुमची तुम्ही द्या." त्यांचा आवाज चढला नव्हता. साहेबांनी दिली. माझ्या मजुरीसाठी आप्पा कोणाशी तरी बोलले, असे आयुष्यात एकदाच झाले, ते त्या दिवशी.

सह्या झाल्यावर आई साहेबांच्या बाईंजवळ सरकली. "चैताच्या उन्हात आतल्या कोपऱ्यात मुंग्या निघत्यात," ती म्हणाली. "मारू नका. हळद टाकली की जात्यात." बाई हो म्हणाल्या. आईने तेच पुन्हा एकदा सांगितले.

आप्पांनी दिलेले पैसे मी घेतले. जितके ठरले तितकेच होते. घरांच्या धंद्यात मला इतकी चोख आणि वेळेवर मजुरी पुन्हा फारशी मिळाली नाही.

पुढे शिक्रापूरला जाणे होत राहिले. भावजय नीट करते, जेवल्याशिवाय सोडत नाही. पण तिथे मी चप्पल कुठे काढायची ते बघून काढतो. आप्पा गेले तेही त्याच घरातून. माझ्या बरोबरीचे जे केंदूरला राहिले ते भेटले की विचारतात, "गावाकडं कवा येनार?" जे माझ्यासारखे निघाले ते हे विचारत नाहीत. ते विचारतात, तुमच्याकडे भाव काय चाललाय. दौंडला माझा स्वतःचा फ्लॅट आहे, मुलांचे घर तेच. मीही त्याला घर म्हणतो. दार उघडून आत गेल्यावर माझी नजर आधी भिंतीतल्या ओलीकडे आणि मग माणसांकडे जाते. इतकी वर्षे दुसऱ्यांची घरे दाखवून जगलेल्या माणसाचे हे असे होत असावे.

काही वर्षांनी बँकेच्या त्या साहेबांचा फोन आला. बाईंची तब्येत बरी नव्हती, केंदूरला येणे होत नव्हते. घर काढायचे होते, आणि माझ्याइतके ते कोणाला माहीत नव्हते. मी दर सांगितला, ते हो म्हणाले.

नवे गिऱ्हाईक हडपसरचे एक तरुण जोडपे होते. साहेबांनी पडवीला जाळी बसवली होती, चुलीच्या जागी ओटा आला होता. त्या दोघांनी खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिले. मुलगी भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "बांधकाम जुनं आहे, पण मन लावून केलेलं दिसतं. इथं आधी कोण राहायचं?"

"केंदूरचंच एक कुटुंब," मी म्हणालो.

"मग त्यांनी विकलं कशाला?"

"मुलं बाहेर गेली. एक दौंडला, एक शिक्रापूरला."

"येतात का ती कधी बघायला?"

मी म्हणालो, "मोठा येतो. काम असलं की."

मग मी त्यांना मागची न्हाणी दाखवायला घेऊन गेलो.