शैलाला पाठवलेली चिठ्ठी

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. माझ्या घरात डब्यांवर नावं असतात, बिलांच्या फायली असतात. कुठली वस्तू कुठे आहे, डोळे मिटून सांगेन. हीच एक गोष्ट आहे — हिला मी जागाच दिली नाही.

दहावीत होते, महाडला. काकांनी कुवेतहून व्हिडिओ प्लेअर आणला आणि त्याबरोबर इंग्रजी गाणी म्हणणाऱ्या चौघांच्या एका जुन्या बँडची कॅसेट — त्यांची सगळी गाजलेली गाणी एकापाठोपाठ, आणि पडद्यावर त्यातल्या दोघी बायका नाचताना. आमच्या आळीत तसली एकच. गॅदरिंगला त्यातल्या एका गाण्यावर नाच बसवायची कल्पना माझी. कॅसेट माझी, व्हिडिओ माझा. मग मधोमध कोण उभं राहिलं? शैला.

शैला तुडील गावची, महाडात मावशीकडे राहून शिकणारी. आमच्या घरी तिने गाणं दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा पडद्याकडे न बघताच नाचली. बाईंनी तिला पुढे घेतलं. माझ्या हातात वही — कपडे, पिना, गजरे. "तू व्यवस्थित आहेस ना, तू याद्या सांभाळ." व्यवस्थित!

तिचे बाबा नाच बघायला येणार होते. तोपर्यंत शाळेत कधी न आलेले. मुलीला पुढे कॉलेजात घालायचं की नाही, ते त्यानंतर ठरणार होतं. हे तिनेच मला सांगितलं होतं — विश्वासाने.

दोन दिवस आधी आईला ताप म्हणून ती गावी गेली. त्याच दुपारी बाईंनी शेवटचं कडवं बदललं: सगळ्यांनी उजवीकडे वळून मागे जायचं. "शैलाला कळव," मला म्हणाल्या. मी चिठ्ठी लिहून तुडीलच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली. तेव्हा निरोप तसेच जायचे. सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून लिहिलं: डावीकडे वळून पुढे. चुकून? नाही. पाठवण्याआधी मी ती दोनदा वाचली.

ती थेट कार्यक्रमालाच आली. शेवटच्या कडव्याला एकटी डावीकडे वळली, शेजारच्या मुलीवर आदळली, दोघी पडल्या. मागून एक पोरगा ओरडला, "अगो, तुडीलची गाडी त्या बाजूला!" सगळे हसले. पण — पहिली मी हसले.

रंगमंचामागे ती मलाच म्हणाली, "माझ्याच डोक्यात उलटं बसलं गो. तुझी चिठ्ठी तर पाठ केली होती मी." मी म्हटलं, "असू दे, होतं असं." तोवर तिचे बाबा आले. "चल गो घरी. ह्यासाठी नाय ठेवली तुला इथं."

परीक्षेला ती बसली नाही. मे महिन्यात शिवथरला लग्न झालं.

गेल्या वर्षी महाडच्या स्टँडवर भेटली. बरोबर तिची मुलगी. "ही माझी हुशार मैत्रीण," शैला तिला म्हणाली, "पाया पड गो मावशीच्या."

मुलगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.