मी पाडलेला पाऊस

"भर पावसात मीठ? ओ मास्तर, भर पावसात मीठ?"

बाई जिन्यावरूनच ओरडत आल्या. माझा इतिहासाचा क्लास पनवेलच्या एसटी स्टँडामागे, दुसऱ्या मजल्यावर. खाली वडापावची गाडी. आवाज असा, की कढईतले वडे झाऱ्याची वाट न बघता आपणहून उलटले असतील. माझ्या भिंतीवरचा जगाचा नकाशा एका खिळ्यावर आला, हे तर मी डोळ्यांनी पाहिलं. बाईंच्या एका हातात वही, दुसऱ्यात स्कूटरची चावी, आणि चावीचं टोक माझ्या छातीकडे. मागे त्यांची मुलगी, माझी बारावीची विद्यार्थिनी, स्वतःच्या बुटांकडे बघत उभी.

"वाचा. तुमीच लिवून दिलंय ना? मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. मिठाच्या सत्याग्रहावरची टीप होती. ऐन श्रावणात, धो धो पावसात, आपल्या किनाऱ्यावरच्या हजारो माणसांनी डोक्यावरच्या पाट्यांतून मीठ वाहून नेलं, आणि शिपाई छत्र्या धरून नुसते बघत राहिले, असं त्यात होतं. सुरेख वाक्य होतं. माझंच होतं.

"आमची तीन पिढ्या मिठागरं," बाई म्हणाल्या. "ढग दिसला की मीठ झाकायला धावायचं, जेवत असलो तरी. पाटीत मीठ घेऊन पावसात निघाला असता ना कोणी, घरी रिकामी पाटी आणि खारट डोकं घेऊन आला असता. सकालपासून घोकतेय ही. मी जवला निवडत होते, हात थांबला माजा."

आता कबूल करायला हरकत नाही. तो पाऊस मी पाडला होता.

का पाडला? दुपारचा दोनचा वर्ग, पंखा गरम हवा ढवळतोय, पोरं अशी पेंगलेली की बाकावर कपाळ आपटल्याचा आवाज घड्याळासारखा नियमित येतो. मग मी थोडं ओततो. मी खोटं बोलत नाही, आहे त्यात भर घालतो. पाऊस पडला की पोरं उठून बसतात. आणि बावीस वर्षं माझा एकच मंत्र होता: तपशील म्हणजे मार्क. परीक्षकाला तपशिलाने गुदमरवून टाका, तो घाबरून मार्क देतो.

या मुलीने मंत्र मनावर घेतला होता. तिला पोलीस भरतीला उतरायचं होतं, त्याला बारावी पास लागते. रोज पहाटे विचुंब्याच्या नव्या रस्त्यावर ती अशी धावायची, की मागे लागलेली कुत्री अर्ध्यातच दम लागून बसायची. धावण्याची काळजीच नव्हती. काळजी इतिहासाची. गेल्या वर्षी ती चार मार्कांनी राहिली. एका टिपेवर पाऊण तास घालवला, आणि शेवटचा मोठा प्रश्न कोरा. तरी मी तिला म्हटलं होतं, "तुझा तपशील कमी पडला." म्हणून यंदा तिने माझा शब्दन्‌शब्द उतरवून चार जाड वह्या भरल्या होत्या आणि चारही पाठ केल्या होत्या. यंदाही राहिली तर काकाच्या सिमेंट-रेतीच्या ऑफिसात फोन घ्यायला बसायचं, असं बापाने सांगून टाकलेलं. पेपर परवा सकाळी अकराला.

मुलगी पहिल्यांदाच बोलली. अगदी हळू.

"सर, अजून कुठे कुठे पाऊस आहे?"

आईच्या ओरडण्याने जे झालं नव्हतं ते या प्रश्नाने झालं. माझ्या पाठीतून घामाची धार निघाली ती थेट चपलेपर्यंत. कारण खरं उत्तर होतं, मला माहीत नाही. बावीस वर्षं ओतत आलेला माणूस. मूळचं किती आणि आपण ओतलेलं किती, कोण लक्षात ठेवतो?

बाईंनी खुर्ची ओढली, दार लावलं आणि दाराला पाठ लावून बसल्या. मी लाल पेन काढलं.

तहावर सही करताना थंडीने शाई गोठली म्हणून दौत मेणबत्तीवर धरली. माझं. खोडलं. आपल्या किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीज कप्तानाने सुकट तोंडात टाकली आणि तो तीन दिवस कोणाशी बोलला नाही. माझंच, आणि उत्तम होतं. खोडलं. खोडताना हात जड होत होता. मुलगी प्रत्येक रेघेकडे बघत होती, आपण पाठ केलेलं एकेक पान जाळलं जातंय अशी. दोन तासांत पहिली वही अशी लाल झाली की वहीलाच इस्पितळात न्यावी.

मग पहिल्या महायुद्धानंतरचा तह आला. सह्या आरसे लावलेल्या भल्यामोठ्या दालनात झाल्या, असं लिहिलं होतं. मी हसलो. आरसे! एवढी मजा खऱ्या इतिहासात कुठून असणार? पेन टेकवलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "पुस्तकात बघा."

कपाटातला जाड ग्रंथ काढला. आरसे होते. चांगले भिंतभर होते.

"म्हंजे खरं ते खोडताय," बाईंचा आवाज आता खाली आला होता, आणि तो खालचा आवाज जास्त भीतीदायक होता. "मास्तर, तुमाला तुमचंच खोटं वलखता येत नाय."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वही मिटली. "परवा पेपर आहे," एवढंच म्हणाली. तीन वह्या बाकी होत्या, आणि आता माझ्या लाल रेघेवरसुद्धा कोणाचा भरवसा नव्हता. माझाही नाही.

मग बाई मुलीला म्हणाल्या, "आजोबा मीठ कसं वढायचे, बघितलंस ना? पाणी आटलं की वर पांढरी साय येते. लाकडी फली हलूच फिरवायची, वरचं तेवढं वढायचं. जास्त मिलेल म्हणून फली खोल घातली की चिखल येतो. मग सगलंच मीठ कालं, व्यापारी हात लावत नाय."

मुलीने नाक पुसलं. पेन्सिल काढली. माझ्याकडे न बघता पाठ्यपुस्तक उघडलं आणि प्रत्येक टिपेपुढे मार्क लिहायला लागली. तीन. तीन. पाच. मार्काला दोन ओळी, आणि ओळ पुस्तकातली. पुस्तकात नाही ते कितीही छान असो, बाहेर. आरसे खरे होते, पण पाठ्यपुस्तकात नव्हते, म्हणून तेही बाहेर. मी तोंड उघडलं की बाई चावी वर करायच्या. संध्याकाळी त्या दोघी गेल्या तेव्हा मुलीच्या हातात सहा सुटे कागद होते. चार वह्या माझ्या बाकावरच राहिल्या.

पेपरच्या दिवशी मी केंद्राबाहेर उभा होतो. तीन तास. ऊन असं की माझी सावलीसुद्धा झाडाखाली जाऊन बसली. सुटल्यावर ती बाहेर आली, मला दिसली. मी हात केला. तिने मान हलवली, पण ती मान हो म्हणते की नाही ते कळेना, आणि आईच्या स्कूटरवर बसून ती गेली. पुढचे अडीच महिने मी वर्गात एक थेंबही पाडला नाही. पोरं पेंगली. पेंगू दिली.

निकालाच्या दिवशी ती जिना चढून आली, धावायच्याच बुटांत, हातात पेढ्यांचा पुडा. इतिहासात एकसष्ट. भरतीचा अर्ज भरणार होती. माझी छाती फुगून शर्टाचं वरचं बटण उडालं, वडेवाल्याच्या कढईत पडलं असावं. मी पेढा तोंडात टाकला आणि शेवटी, राहवेना म्हणून, विचारलंच.

"मिठाची टीप आली होती म्हणे. काय काय लिहिलंस?"

"तीन मार्कांना होती, सर. सहा ओळी लिहिल्या."