लढाईतलं पितळी बटण

सरजाबाईंचा नवरा ज्ञानोबा एकाहत्तरच्या लढाईत होता, आणि मुखेडात लढाई सांगायचा मान मात्र जिलानी शिंप्याला होता. सरजाबाईंचं हे दुखणं फार जुनं. गुडघ्यांच्याही आधीचं.

जिलानी मास्तर उभ्या जन्मात हैदराबादच्या पलीकडे गेले नव्हते. पण बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. कापड बेतायच्या टेबलावर ते काळा कपडा अंथरायचे, खडूने नदी काढायचे, कात्री उभी-आडवी ठेवली की झाला उदगीरचा किल्ला. मग बटणांचा डबा उपडा. पांढरी बटणं निजामाची, काळी सदाशिवरावभाऊंची, आणि कोटाची मोठाली बटणं म्हणजे इब्राहिमखान गारद्याच्या तोफा. "अब देखो," म्हणत मास्तर एकेक बटण बोटाने सरकवायचे, आणि पायजमा न्यायला आलेला माणूस पायजमा विसरून घरी जायचा.

आणि खरा फौजी? तो घरी ओट्यावर बसून लसूण सोलायचा.

ज्ञानोबा फौजेत स्वयंपाकी होते. लग्नाला वर्ष होतंय तोवर लढाई लागली. बहात्तरच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आले, तेव्हा एकोणीस वर्षांच्या सरजाबाईंनी एवढंच विचारलं होतं, "भेलाव का वो?" ज्ञानोबा म्हणाले, "न्हाई."

तो 'न्हाई' सरजाबाईंनी गल्लीभर वाटला. पुढे लेक झाला, आनंदराज, त्याला दुधाबरोबर पाजला. पण त्या एका शब्दापुढे लढाई काही सरकली नाही. नंतर ज्ञानोबा बोलले ते वरणाबद्दल. अडीचशे माणसांच्या वरणाला किती हळद लागते, हे सगळं ज्ञान त्यांनी बायकोला दिलं, आणि घरात खाणारी तोंडं तीन.

तर यंदा डिसेंबरात काय झालं, मास्तरांच्या घरच्या कमरुन्निसाबी नळावर भेटल्या आणि घागर न उचलताच म्हणाल्या, "सोळा तारखेला शाळेत आमच्यांचं भाषण हाय. एकाहत्तरच्या जंगवर. नवी शेरवानी शिवून राहिले."

"शिवनारच की," सरजाबाई म्हणाल्या. "शिंपीच हायत."

आपली घागर नळावरच ठेवून सरजाबाई शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका रेणुका मॅडम हजेरीपट बघत होत्या.

"जय भीम, मॅडम. गावात फौजी मेला का हो?"

"अहो काय बोलता, आजी!"

"मग जित्ता असताना शिंप्याला बोलावनं कसं गेलं?"

रेणुका मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजी, पहिल्यांदा बाबांनाच विचारलं होतं. तेच म्हणाले, मला काय येतंय, जिलानी मास्तरांना बोलवा."

सरजाबाईंना पायरीवर आपटल्यासारखं झालं. तरी उसनं अवसान आणून म्हणाल्या, "त्यांचं काय ऐकता? खुर्च्या दोन मांडा."

घरी आल्या आल्या नवऱ्याची शिकवणी सुरू झाली.

"दोन तरी मारले म्हना."

"कुनाला?"

"दुश्मनाला! आनि कुनाला?"

"सरजे, म्या वांगी मारली. पोती पोती मारली. सांगू का शाळेत?"

पंधरा तारखेला दुपारी सरजाबाई ब्लाउज सैल करायचं निमित्त काढून मास्तरांच्या दुकानाकडे निघाल्या. मनात एवढंच, की मास्तर उद्या काय सांगणार ते ऐकून घ्यावं आणि रात्रीतून ज्ञानोबांकडून घोकून घ्यावं. दुकानाशी पोचल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. आत ज्ञानोबा होते.

नुसते नव्हते, बोलून राहिले होते. टेबलावर वाकले होते, दोन्ही हात हवेत, आवाज पार फौजेतला. "तसं न्हाई, मास्तर. नाला असा वळतो. आनि चूल ह्या काठाला." काळ्या कपड्यावर हिरव्या बटणांची रांग होती, आणि रांगेच्या मागे एकटंच एक पितळी बटण. मास्तरांनी ते सरकवलं आणि विचारलं, "वारा किदरसे होता, फौजी?" ज्ञानोबांनी डोळे मिटले. आठवत होते. इतक्या प्रेमाने त्यांनी घरची एक गोष्ट कधी आठवली नव्हती.

नवरा दुसऱ्या बाईकडे जातो असं कळलं असतं, तर निदान तिच्या झिंज्या धरता आल्या असत्या. आता ह्या दाढीवाल्याचं काय धरावं?

त्या शेजारच्या भांड्याच्या दुकानाआड उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मास्तर नमाजला गेले, ज्ञानोबा घराकडे वळले. मग त्या आत शिरल्या. मागच्या दारातून कमरुन्निसाबी आल्या.

"रोज येतेत का?" सरजाबाईंनी विचारलं. कोण ते सांगावं लागलं नाही.

"चार महिने झाले. मी फक्त चहा करायची." कमरुन्निसाबींनी ब्लाउज हातात घेतला. "आमचे तर जळतेत तुमच्यांवर. म्हंते, मी पन्नास साल किताबं वाचली, आन् हा माणूस तिथं उभा होता."

"जळतेत?" सरजाबाईंना क्षणभर बरं वाटलं. पण क्षणभरच. कमरुन्निसाबी मापाची वही काढायला वळल्या, आणि सरजाबाईंचा हात टेबलावरून असा फिरला की पितळी बटण मुठीत. बहात्तराव्या वर्षी ही त्यांची पहिली चोरी.

सोळा तारखेला शाळेच्या पटांगणात दोन खुर्च्या. ज्ञानोबा इस्त्रीचा सदरा घालून, फोटो काढायला बसवल्यासारखे बसले होते. मास्तरांनी नव्या शेरवानीत दोन बाकं जोडून काळा कपडा अंथरला, पोरं भोवती गोळा झाली. नाला आला, हिरवी रांग आली, पलीकडे पांढऱ्यांची रांग आली. आवाज असा की मागच्या पोरांनी जांभया गिळल्या. "आणि ह्या रांगेच्या मागे, बच्चो, लंगर. ज्याच्या चुलीवर सगळी पलटण जगत होती..."

मास्तरांचा हात डब्यात गेला. मग खिशात. मग कपड्याखाली.

"लंगर किदर गया?"

दुसरं बटण ठेवून बघितलं, उचललं. पुढचं वाक्य निघेना. पोरांत खुसुखुसु सुरू झालं. शेवटच्या रांगेत सरजाबाई मूठ आवळून बसल्या होत्या, आणि खोटं कशाला सांगायचं, त्यांना गुलाबजाम खाल्ल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात ज्ञानोबा उठले.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर." त्यांनी वाकून कपड्यावर स्वतःचं बोट टेकवलं. "हितं. म्या हितं हुतो."

बोट काढायला जमेना, तसं मग बोलणंच भाग पडलं.

"पहाटंची थंडी. पोरांची बोटं बंदुकीला चिकटायली. मेजरसाबांचा हुकूम, धूर करायचा न्हाई. मला वाटलं घोटभर चहा द्यावा. लाकडं वली निघाली. वारा न्हवता, धूर गेला सरळ वर, झेंड्यावानी. मग तिकडून गोळे सुरू. म्या अडीचशे मान्सांची डेग डोक्यावर पालथी घालून बसलो."

पोरं हसली. ज्ञानोबाही हसले.

"दोन पोरं जखमी झाली. एकाचा हात गेला. मेजरसाब रांगत आले, डेगीवर टकटक केली आनि इचारलं, चहा झाला का? झालाय म्हनलं. शिव्या देतील वाटलं, तर त्यांनी आपला कप पुढं केला. सगळा जलम म्या धरून बसलो की माझ्या धुरानं झालं. ह्या मास्तरांनी बटनं मांडून दाखवलं, की धुरावर गोळे टाकले म्हनून त्यांच्या तोफा कुठं हायत ते आपल्याला कळलं, आनि दुपारी त्या बंद पडल्या. खरं काय ते मला ठाव न्हाई. पर झोप लागाया लागली."

मग त्यांनी मान वर केली आणि शेवटच्या रांगेकडे बघितलं.

"सुट्टीवर आलो तवा मंडळीनं इचारलं, भेलाव का. म्या न्हाई म्हनलं. आता सुरुवातच खोटी झाली, तर पुढचं कुठून सांगावं? लई भेलो हुतो. डेगीत माझे दात वाजायले ते मला भाहेरचे गोळे वाटायले."

टाळ्या मास्तरांनीच पहिल्यांदा वाजवल्या. शेजारी बसलेल्या कमरुन्निसाबी हळूच सरजाबाईंच्या कानाशी आल्या. "मूठ उघडा, बाई. हातावर छाप उठला असंल."

सरजाबाईंचा चेहरा पडला. "देते की वापस."

"ठेवा. आमच्याकडं डबाभर हायत."

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्ञानोबा स्वेटर चढवून दुकानाकडे निघाले. स्वेटरची सगळी बटणं काळी, आणि गळ्याशी एक पितळी, दोरा चौपदरी घालून टाचलेलं. त्यांनी ते चाचपलं, बायकोकडे बघितलं.

"हे मास्तरचं."

"असंल. बसा खाली." सरजाबाईंनी परात पालथी घातली, तिच्यावर पिठाने नाला काढला, नाल्याच्या काठाला लसणाच्या पाकळ्या मांडल्या. "मेजरसाब दिसायला कसे हुते, ते काल सांगितलं न्हाई तुमी. मास्तरला सांगितलंय का?"

"न्हाई."

"मग आधी ते सांगा."

तिकडे दुकानात मास्तर चहा निववत वाट बघत बसले होते, आणि सरजाबाईंना त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नाही.