शिंगराची म्होरकी आणि माझा जबडा

आधी चहा संपवा. हे ऐकताना कुणाला ठसका लागला तर जबाबदारी माझी न्हाय. चुका सगळ्यांच्याच हातून होतात. पण भर दुपारी, स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या बायकोच्या हातानं खांबाला बांधला गेलेला माणूस तुम्ही कधी बघितलाय का? मग नीट बघून घ्या, तो तुमच्यापुढंच बसलाय.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. आमचं गाव तेरच्या जवळ. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. त्यांचा कापडाचा धंदा. घोडीवर गठ्ठे लादून आठवडी बाजार करायचे. घोडी थकली होती, पण तिचं एक तांबडं शिंगरू होतं, दोन वर्षांचं. त्याला आता शिकवायचं ठरलं आणि ते काम आलं माझ्याकडं.

अप्पांनी आधीच बजावलं, "तोंडात लोखंड घालायचं न्हाय. जबडा कोवळा हाय त्याचा. लगामाची घाई केली की जनावर तोंडाला कायमचं निबर होतं. नुसती म्होरकी घाल आन् तिच्यावरच शिकव."

म्होरकी म्हणजे डोक्यावरून, गालावरून येऊन नाकाभोवती बसते ती. तोंडात काही जात नाही. मला वाटलं, सोपं काम आहे. कळंबच्या बाजारात जायचं, एक मागायची आणि घेऊन यायची.

दुकानदारानं दोन पुढं ठेवल्या. एक सुती दोरीची, ढिली. दुसरी कातड्याची, हनुवटीखालच्या पट्ट्याला दोर जोडलेला.

"ही ओढली की आवळती, सैल सोडली की सुटती," तो म्हणाला.

"मग चांगली कोणती?"

"जनावर कसं हाय त्यावर हाय."

"गरीब हाय."

"मग सुती न्या."

"पण कधीकधी उधळतं."

"मग कातड्याची."

"पण उधळतं ते घाबरून उधळतं."

त्यानं दोन्ही उचलून माझ्या हातात कोंबल्या. "मालक, दोन्ही न्या."

दोन्ही घेऊन आलो आणि जास्तच गोंधळलो. सुती घातली आणि शिंगरू ऐकेनासं झालं तर? कातड्याची घातली आणि त्याला लागलं तर? कुठं आवळतं, किती आवळतं, सोडल्यावर बरं वाटतं का, हे त्याला विचारणार कसं? विचार करून करून शेवटी डोक्यात आलं की आपणच घालून बघावी. तुम्ही हसताय, पण तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

बायकोला, गौराला, सांगितलं, "मी म्होरकी घालतो. तू दोर धरून मला अंगणात फिरव."

ती म्हणाली, "मी न्हाय असलं करणार. कुणी बघितलं तर?"

"कोण बघतंय? अप्पा धाराशिवला गेलेत आणि पाहुणे उद्या यायचेत."

पाहुणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, शांताला, बघायला येणारे. नळदुर्गाकडची माणसं, स्थळ चांगलं.

तर कातड्याची म्होरकी शेवटच्या भोकापर्यंत आवळून मी डोक्यावर चढवली. गौरानं दोर धरला. एक चक्कर बरी झाली. दुसऱ्या चकरेला दारातून अप्पांचा आवाज आला, "या, या, घर आपलंच हाय."

पाहुणे एक दिवस आधीच निघाले होते आणि धाराशिवच्या मोटारस्टँडवर अप्पांना भेटले होते.

गौरा दचकली. दचकून तिनं काय करावं? जनावर सोडून पळायचं नसतं एवढं तिच्या हाताला ठाऊक. तिनं दोराचा वेढा ओसरीच्या खांबाला दिला, वर गाठ मारली आणि पदर सावरत आत पळाली.

समोर पाहुणे, म्हणून मी लाजून मागं सरलो. मागं सरलो तसा पट्टा आवळला आणि तोंड मिटलं. आणखी मागं सरलो, आणखी आवळला. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर सुटलो असतो, पण ते सुचलं न्हाय. बक्कल सोडवावं तर ते मागं केसांत रुतलेलं.

मुलाचा मामा हळूच म्हणाला, "डोक्यानं जरा...?"

मी म्हणणार होतो, 'नमस्कार, शिंगरासाठी बघत होतो.' बाहेर पडलं ते नुसतं नाकातलं फुरफुरणं.

मुलाची आई, गुरुबाई, कपाळभर भस्माचे पट्टे ओढलेल्या. त्यांनी भावाला गप्प केलं. "तुला काय कळतंय? मैलारलिंगाचा, आपल्या खंडोबाचा, घोडा हाय ह्यो. आमच्याकडं जत्रंत माणसं घोडा होतात की अशी. नवस असंल." मग अप्पांकडं वळून म्हणाल्या, "व्हय का हो?"

बाजारात गजभर कापडासाठीही कधी खोटं न बोललेल्या अप्पांनी माझ्याकडं बघितलं, खांबाकडं बघितलं आणि म्हणाले, "व्हय. नवसच हाय, आजपास्नं."

"बोलायचं न्हाय का त्यानं?"

"न्हाय," अप्पा घाईनं म्हणाले, "अजिबात न्हाय."

गुरुबाईंनी पिशवीतून भंडारा काढून माझ्या कपाळाला लावला, हात जोडले आणि विचारलं, "देवा, ही सोयरीक करू का?"

मला सांगायचं होतं की मी देव न्हाय आणि घोडाही न्हाय. त्यासाठी मान आडवी हलवायला गेलो. पण दोर एवढा ताणलेला की आडवी हलेना. हलली ती वरखाली. चांगली दोनतीनदा.

"झालं," गुरुबाई म्हणाल्या, "आता विचारायचं काय राहिलं?"

आत शांता हसू दाबत पदर तोंडात कोंबून उभी होती. गुरुबाई आत डोकावून म्हणाल्या, "पोरगी लाजरी हाय, बरं हाय," आणि तिथंच तिला कुंकू लावलं.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा गौरानं येऊन मला सोडवलं. गालांवर पट्ट्याचे वळ उठले होते. मागच्या दारी अप्पा हात धूत होते, त्यांना गाठलं.

"अप्पा, चुकलं माझं. आत्ता जातो आणि त्यांना खरं काय ते सांगतो."

अप्पांनी माझा दंड घट्ट धरला. "एक शब्द बोलू नकोस. शांताला ह्याआधी दोन स्थळं आली. दोन्ही येळेला पाहुणे तुझ्याशी बोलत बसले आन् उठून गेले. आज पहिल्यांदा तू गप्प बसलास आन् पोरगी जमली."

"मग शिंगराचं काय करायचं?" मी विचारलं.

"शिंगराला सुती घाल," अप्पा म्हणाले. "कातड्याची लग्न होईस्तवर तुलाच लागंल."