पहिलं भूत दुपारी बघावं

जगातली निम्मी भांडणं माणसांनी चुकीच्या वयात चुकीचा पिक्चर बघितल्यामुळे होतात, असं मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. गाव नेवाशाच्या अलीकडं, कालव्याच्या पाण्यावरचं, नजर जाईल तिथवर ऊस. दाजी तिथल्या साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात आहेत आणि कुणाचा ऊस कधी तोडायचा हे ठरवणं त्यांच्याकडं आहे. हे काम म्हणजे रोजचं वैर विकत घेणं, कारण प्रत्येकाला आपलाच ऊस आधी गेलेला हवा असतो. दाजींचा नियम एकच: ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. त्यातही तोडीअगोदर ते स्वतः फडात जाणार, उसाच्या रसाचा थेंब साखर मोजायच्या काचेच्या नळीवर घेणार, नळी डोळ्याला लावून उजेडाकडं बघणार आणि साखर भरली नसेल तर "अजून कोवळा हाय" एवढं बोलून मोटरसायकलला किक मारणार. एकदा त्यांच्या सख्ख्या चुलत्यांनी त्यांना मुद्दाम जेवायला बोलावलं आणि पुरणपोळीवर तूप वाढता वाढता हळूच तोडीचा विषय काढला. दाजींनी पोळी संपवली, हात धुतला आणि म्हणाले, "तात्या, पोळी लई ग्वाड हुती. ऊस न्हाई." तात्या पुढं बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते.

आता हा नियम त्यांनी उसापुरता ठेवला असता तर कुणाची हरकत नव्हती. पण दाजींनी तो पोरांना लावला. त्यांच्या मते प्रत्येक कार्टून, प्रत्येक पिक्चर, प्रत्येक खेळ यांचं एक वय असतं, आणि त्या वयाआधी तो पोराच्या हातात देणं म्हणजे कोवळा ऊस तोडून गाडीत भरणं. पोर वाया जातं आणि पिक्चरही. कुणाच्या घरी गेले की पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी विचारतात, "ही लागण कधीची?" नवख्या सुनेला वाटतं, परसातल्या केळीबद्दल विचारतायत. दाजींची नजर असते ती सोफ्यावर मोबाईल घेऊन पसरलेल्या पोराकडं. मग त्याची परीक्षा सुरू होते. सगळे टीव्हीकडं तोंड करून बसतात, दाजी टीव्हीकडं पाठ करून बसतात. "टीव्ही काय बघायचा, पोरगं बघा," म्हणतात. "मांजर धाडकन पडलं आन पोरगं हसलं, तर समजा चारच्या आतलं. सहाव्या वर्साला त्येच पोरगं विचारतं, मांजराला लागलं का. आन ज्या दिवशी ते म्हनतं, एवढ्या उंचावरनं पडल्यावर कोन उठतं व्हय, त्या दिवशी त्याचं कार्टून संपलं. मग उगं बसवून ठिवायचं न्हाई." हे सगळं सांगताना स्वतः दाजी हळूहळू टीव्हीकडं वळलेले असतात आणि मांजर पडलं की सगळ्यात मोठ्यानं तेच हसतात. विचारलं तर म्हणतात, तपासणी चाललीय.

पत्त्यांचंही तसंच. सात वर्षांच्या आत पत्ते नाहीत, कारण तोवर हातात राजा आला की पोर तो सगळ्यांना दाखवत घरभर नाचतं. ज्या दिवशी ते पत्ते छातीशी धरून गप्प बसेल, त्या दिवशी त्याला खुशाल झब्बूला घ्या. आणि या सगळ्यावर त्यांचा एक मोठा नियम आहे, तो ते फार गंभीरपणे सांगतात: "जिकायला वय लागत न्हाई, पाव्हनं. हारायला लागतं." या नियमाचा पहिला बळी मीच. एका दिवाळीत आम्ही सगळे सापशिडी खेळत होतो. अगदी शेवटच्या ओळीतल्या सापानं मला गिळलं, तेव्हा माझ्या हातून फासा जरा जोरात पडला आणि खाटेखाली गेला. एवढंच झालं. पण दाजींनी माझ्याकडं नळीतून बघावं तसं एक डोळा बारीक करून बघितलं आणि अक्कांना म्हणाले, "पाव्हन्यांना यंदा ऱ्हाऊ द्या." मी नगरला बँकेत आहे, माझ्या सहीनं लोकांची कर्जं मंजूर होतात, पण सासरच्या प्रत्येक लग्नात माझी ओळख आजही सापशिडीला कोवळे असलेले जावई अशीच करून दिली जाते. हे सांगण्यात माझी बायको सगळ्यात पुढं असते.

आमच्या ओमला चौथं लागलं तेव्हा मी हौसेनं बुद्धिबळाचा लाकडी पट आणला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, आत्तापासून सवय लागलेली बरी. दाजी आले तेव्हा ओम पटावर पोहे पसरून घोड्याचं तोंड त्यात खुपसत होता. मी घाईनं म्हणालो, "ओम, काकांना दाखव, घोडा कसा चालतो?" ओम म्हणाला, "तो आत्ता जेवतोय." मला वाटलं, आता दाजी माझी खरडपट्टी काढणार. ते खाली मांडी घालून बसले, ओमच्या हातात आणखी चिमूटभर पोहे दिले आणि म्हणाले, "खाऊ द्या त्याला. चालाया अजून टाइम हाय." मग दोघांनी मिळून उंटालाही खाऊ घातलं. राजा-वजिरांची ताटं वाढेपर्यंत माझा चहा थंड झाला.

गावात याची चेष्टा व्हायची, नाही असं नाही. गणपतीत एका वर्षी मंडळानं शाळेच्या मैदानात पांढरा पडदा लावून मारामारीचा पिक्चर ठेवला. दाजी पडद्यापाशी उभे राहून एकेका पोराला लागण विचारायला लागले. पोरंही सरावलेली. एक म्हणालं आडसाली, म्हणजे सगळ्यात जास्त दिवस उभा राहिलेला ऊस. त्याच्या धाकट्या भावानं तोऱ्यात सांगितलं, "मी खोडवा, पन दादाबरूबर आलोय." खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला. लहानांना दाजींनी देवळाच्या ओट्यावर नेऊन बसवलं आणि स्वतः दोन हातांच्या सावल्यांचे ससे, हरणं, मगरी करून दाखवल्या. मैदानात बंदुका वाजत होत्या आणि ओट्यावर मगर सशाला खायला येत होती. पिक्चरला कंटाळून दोन-चार मोठी पोरंही उठून ओट्याकडं आली, ते दाजींनी बघून न बघितल्यासारखं केलं. अक्का मात्र वैतागतात. "रात्री माझी मालिका लागली की विचारतात, तुझं वय बसतंय का ह्याला," असं त्यांनी मला पदर तोंडाला लावून सांगितलं होतं.

एवढं सगळं कशापायी, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. एकदा फडातून परत येताना, मागं बसलेल्या मला ऐकू जावं म्हणून गाडी हळू करून, त्यांनी आपणहून सांगितलं. "मी सहा वर्साचा आसन. जत्रंत तंबूचा शिनेमा आलता. भुताचा. थोरली पोरं मला घिऊन गेली आन मधीच कुठं पांगली. तवापासनं कितीतरी दिस मी अंधार पडला की घराभाईर पाऊल टाकत न्हवतो. बाप म्हनायचा भित्रं हाय. मला भुताचं काय न्हाई वाटलं, पाव्हनं. शेजारी कोन न्हवतं त्येचं वाटलं." मग गाडीचा वेग वाढवून त्यांनी कुणाच्या तरी उसाची चौकशी सुरू केली. त्यानंतर त्यांची चेष्टा करताना माझी जीभ जरा अडखळायला लागली.

त्यांची एकुलती एक मुलगी गौरी. तिच्या नवव्या वर्षी कुठलासा भुताचा पिक्चर सगळीकडं गाजत होता. एका जुन्या घरातलं कपाट, त्याचं दार आपोआप उघडतं, आणि आत एक बाई. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत त्या बाईची नक्कल करायची. गौरीनं हट्ट धरला. दाजींनी तिला समोर बसवून करार केला: तेराव्या वर्षी बघायचा, घरीच बघायचा, आणि दुपारी बघायचा. "पैलं भूत दुपारी बघावं. खिडक्या उघड्या पायजेत, आई भजी तळत पायजे. आन तुज्या शेजारी मी बसल्याबिगर न्हाई." गौरीनं कबूल केलं. दाजींनी स्वतःवरही तोच नियम घातला. तो पिक्चर त्यांनी बघितला नाही, कुणाला गोष्ट सांगू दिली नाही, हॉटेलात कुणी विषय काढला तर अर्धा चहा टाकून उठायचे. चार वर्षं हा माणूस त्या एका दुपारची वाट बघत होता. जत्रेतल्या तंबूत जी जागा रिकामी राहिली होती, त्या जागेवर त्यांना बसायचं होतं.

तेराव्या वाढदिवसाला आम्हाला सगळ्यांना आवतण होतं. ओमला अर्थातच बायकोबरोबर शेजारच्या घरी धाडलं होतं. खिडक्या सताड उघड्या, स्वयंपाकघरातून अक्कांच्या भज्यांचा वास. दाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मधे दाजी, एका बाजूला गौरी, दुसऱ्या बाजूला मी. मी हा पिक्चर आधीच बघितलेला होता, पण दाजींच्या धाकानं तसं बोललो नव्हतो. पडद्यावर ते घर आलं, जिना आला, कपाट आलं. मी सहज गौरीकडं बघितलं. अजून काहीच घडलेलं नव्हतं, वाद्यंही वाजायला लागली नव्हती, आणि तिनं गुपचूप हात पुढं करून दाजींचं मनगट घट्ट धरलं. मग दार उघडलं. त्यानंतर काय झालं ते सांगतो: उसाच्या फडात बिबट्याला सामोरा गेलेला हा माणूस "आई गं" म्हणून असा उडाला की भज्यांची ताटली माझ्या मांडीवर आली. अक्का झारा घेऊन धावत बाहेर आल्या. गौरी डोळे झाकून "पप्पा, मला लई भीती वाटली" असं म्हणत राहिली, आणि मनगट काही सोडलं नाही.

पिक्चर संपल्यावर दाजी मला घेऊन विहिरीकडं गेले. काठावर वाकून त्यांनी पाण्यात बघितलं. मग म्हणाले, "पाव्हनं, पोरीनं हे आधीच बघितलंय."

मी साळसूदपणे विचारलं, "कशावरून?"

"दार उघडायच्या आधीच तिनं हात धरला. तिला ठावं हुतं, आता येतंय म्हनून." मला वाटलं, चार वर्षांचा करार मोडला, आता घरी जाऊन आकांत करतील. पण आवाज खाली आणून म्हणाले, "आन भीती वाटली म्हनून न्हाई धरला. मी भिईन म्हनून धरला."

मला त्यांचं वाईटही वाटत होतं आणि हेवाही वाटत होता. शेवटी त्यांनीच सदऱ्यावरचा भज्याचा तुकडा झटकला. "आपन फडाला रोज चक्कर मारतो, पन ऊस पिकतो तो आपल्या माघारीच," एवढं म्हणाले, आणि मला बजावलं की गौरीला यातलं काही कळता कामा नये. घरात जाऊन त्यांनी तिला विचारलं, "लई भ्यालीस ना?" ती म्हणाली, "लई." दोघंही इतक्या सराईतपणे खोटं बोलले की माझी मान आपोआप खाली गेली.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. गौरीला पुण्याला प्रवेश मिळाला आहे, पुढच्या आठवड्यात ती वसतिगृहावर जायची आहे. तिला भेटायला म्हणून परवा आम्ही गेलो होतो. दुपारची वेळ, जेवणं झालेली, टीव्हीवर कुठला तरी साधा घरगुती पिक्चर चालू होता. ओम आता पत्ते छातीशी धरण्याइतका झाला आहे, तो दाजींना झब्बूत हरवत होता. पडद्यावर एका मुलीची बॅग भरली जात होती. आई डबा देत होती, बाप उगाच दाराची कडी दुरुस्त करत होता. एसटी अजून आलीही नव्हती, आणि दाजींनी पत्ते खाली ठेवले, उठले आणि पायानं खाटेखाली चपला चाचपायला लागले.

अक्का म्हणाल्या, "आता एवढ्या उन्हात कुठं निघालात? बसून बघा की. काही वंगाळ न्हाई त्यात."

दाजी मागं न वळता म्हणाले, "ह्या पिक्चरला मी अजून कोवळा हाय."

कुणीच हसलं नाही. गौरी कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होती. ती उठली, आली आणि खाटेवर त्यांच्या जागेच्या शेजारी बसली. एसटी यायच्या आधीच तिनं त्यांचं मनगट धरलं.

"बसा पप्पा," ती म्हणाली. "दुपार हाय. खिडक्या उघड्या हायेत. आन शेजारी मी हाय."

दाजी बसले. मला एकदम भरून आलं. मी ओमकडं बघितलं, त्यानं पत्त्यांतून डोकं वर काढलं नव्हतं. मग दाजींनी खाटेखालून अर्धवट ओढलेल्या त्या चपला पायात अडकवून मीच बाहेर गेलो, आणि पिक्चर संपेपर्यंत विहिरीवर उभा राहिलो.